‘डिस्टिंक्ट’: स्पष्ट की वेगळा?

खर्डेघाशी: ‘देअर वॉज अ डिस्टिंक्ट स्मेल ऑफ केरोसीन’ याचं मराठी सर्रास ‘रॉकेलचा वेगळा वास येत होता’ असं होतं. साफ चूक. ‘वेगळा वास’ म्हटलं की रॉकेलात काहीतरी भेसळ असणार असं वाटतं. मूळ वाक्य एवढंच सांगतं की वास रॉकेलचाच होता, शंकाच नको. इथे ‘स्पष्ट’ किंवा नुसता ‘च’ हवा.

माझं मत असं, की ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे दोन निरनिराळे शब्दच आहेत असं धरून चाला. पुढे ‘फ्रॉम’ आलं, की ‘वेगळा’ (‘दॅन’ लावू नका). आकडा आणि अनेकवचन असेल, तर ‘वेगवेगळे’. वास, आवाज, आठवण असलं काही असेल, तर ‘स्पष्ट’. ‘डिस्टिंक्ट अॅडव्हांटेज’मध्ये तर दोन्ही नकोत, ‘चांगलाच फायदा’ म्हणा.

मूळव्युत्पत्ती: दोन शब्द कशाला? लॅटिन ‘डिस्टिंग्वेरे’ म्हणजे वेगळं काढणं. एखाद्या गोष्टीच्या कडा दिसल्या की ती स्पष्टही होते आणि शेजारचीपासून वेगळीही. मराठीत ‘उठून दिसणं’ हेच करतं की!

खर्डेघाशी: वास कसा उठून दिसेल? आणि ‘टू डिस्टिंक्ट इश्यूज’ म्हणजे ‘दोन उठून दिसणारे मुद्दे’? ते नुसते दोन स्वतंत्र मुद्दे आहेत, अगदी फुसकेही असतील. शिवाय ‘इनडिस्टिंक्ट’ बघा. त्याचा नेहमीचा अर्थ ‘अस्पष्ट’, ‘सारखा’ नव्हे. एकच अर्थ असता तर उलटा शब्द असा एका पायावर उभा राहिला नसता.

गणिती: फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 मध्ये ‘क्लिअर’ आणि ‘डिस्टिंक्ट’ यांची लॅटिन रूपं शेजारी ठेवून फरक केलाय. त्याचं उदाहरण वेदनेचं. वेदना अगदी स्पष्ट जाणवते, पण दुखऱ्या जागी तसंच काहीतरी आहे ही समजूत माणूस तिच्यात मिसळून टाकतो. म्हणून ती ‘क्लिअर’ आहे, ‘डिस्टिंक्ट’ नाही. तेव्हा ‘स्पष्ट’ हा शब्द तिथे आधीच खर्ची पडलाय.

वर्गसमीकरणात b²−4ac शून्यापेक्षा मोठं असेल तर मुळं ‘रिअल अँड डिस्टिंक्ट’. आपल्याकडे ‘वास्तव व असमान’ म्हणतात, ते चोख आहे. तिथे ‘स्पष्ट मुळं’ लिहून बघा!

रांगास्तंभ: ‘वेगवेगळे’वरही डोळे मिटून विसंबू नका. यादीत पुणे, पुणे, सातारा आणि दोन रिकाम्या नोंदी आहेत. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत) ‘सिलेक्ट डिस्टिंक्ट’ तीन ओळी देतं, कारण दोन्ही ‘नल’ (म्हणजे रिकाम्या नोंदी) मिळून एक धरले जातात. ‘काउंट डिस्टिंक्ट’ मात्र दोनच देतं, ते ‘नल’ मोजतच नाही. दोन स्तंभ मागितले तर जोडी तपासली जाते, नुसता पहिला स्तंभ नव्हे. निम्मे लोक इथेच आपटतात.

आणि ‘युनिक’शी गल्लत करू नका. पॉवर क्वेरीत (एक्सेलमधल्या माहिती आवरायच्या साधनात) पुणे, पुणे, सातारा यांत ‘डिस्टिंक्ट’ दोन, ‘युनिक’ एकच: सातारा, कारण तो एकदाच येतो. दोन्हींना ‘वेगळे’ म्हटलं की अहवाल गडगडलाच.

मूळव्युत्पत्ती: हे तर माझ्याच बाजूचं झालं! यंत्रसुद्धा एकमेकांपासून वेगळं काढण्याचंच काम करतंय. ‘उठून दिसणं’ सगळीकडे बसत नाही, हे मान्य. पण रॉकेलच्या वासातही तेच आहे: इतर वासांतून तो वेगळा ओळखू येतो. ‘ओळखू येणारा’ म्हणा, मिटलं.

खर्डेघाशी: ‘ओळखू येणारा’ ‘डिस्टिंक्टिव्ह’साठी राखून ठेवा. ‘डिस्टिंक्टिव्ह स्मेल’ म्हणजे रॉकेलचा तो खास वास, बाटलीवर चिठ्ठी नसली तरी कळणारा. ‘डिस्टिंक्ट’ वास आज आहे, खिडकी उघडली की गेला. ‘डिस्टिंक्टिव्ह’ वास रॉकेलचा स्वभावच. एकाच मराठी शब्दात दोन्ही कोंबलेत, तर पुढच्या परिच्छेदात अडकाल.

मूळव्युत्पत्ती: ‘डिस्टिंक्टिव्ह’ला ‘खास’ आहेच की. ‘ओळखू येणारा’ माझ्याकडेच राहू द्या.