सेव्हन्टीनचा खप निम्म्यावर आला, म्हणजे लोकप्रियताही निम्मी झाली का?

गवती चहा
२६ मे २०२५ ला सेव्हन्टीन या तेरा जणांच्या कोरियन पॉप (के-पॉप) ग्रुपच्या पदार्पणाला दहा वर्षं झाली आणि त्याच दिवशी 'हॅपी बर्स्टडे' हा अल्बम आला. पहिल्या आठवड्यात २५ लाखांच्या वर खप. दुसऱ्या कुठल्या ग्रुपचा असता तर लोकांनी पेढे वाटले असते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये यांच्याच 'सेव्हन्टीन्थ हेवन'ने पहिल्या आठवड्यात ५० लाख पार केले होते ना! त्यामुळे 'उतरती कळा लागली' हे ऐकून ऐकून कान किटलेत.

मला ते पटत नाही. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून एवढंच कळतं की आधीच्याच चाहत्यांनी खिसा किती सैल सोडला. ग्रुप टिकतो तो दोन कमबॅकच्या, म्हणजे दोन नव्या अल्बमच्या, मधल्या काळात काय करतो त्यावर. यांचा 'गोइंग सेव्हन्टीन' हा शो बघा. यूट्यूबवर फुकट, तेरा जण खेळतात, एकमेकांना फसवतात, तारस्वरात भांडतात. यांचं एकही गाणं धड माहीत नसलेले लोक तो शो बघतात. चाहत्यांचं नाव कॅरट, तर या मंडळींना क्यूबिक म्हणायची पद्धत पडली आहे, म्हणजे नकली हिरे. शिवाय ग्रुपमधलाच वूजी २०१५ पासून यांची गाणी लिहितोय, चाली लावतोय. नाच बसवण्यात होशी पुढे. सात वर्षांचा करार संपत आला की भलेभले ग्रुप फुटतात, इथे २०२१ च्या जुलैत, मुदतीला वर्षभर बाकी असतानाच तेराही जणांनी नव्या सह्या केल्या.

चौथी सीट
ताई, आकडा मोठा असला की 'बघा किती प्रेम', लहान झाला की 'आकड्यात काय ठेवलंय'. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका.

मुळात ते ५० लाख आले कुठून? एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या, आत कुणाचं फोटोकार्ड निघेल ते नशिबावर, वर फॅनसाइनची, म्हणजे कलाकारांना भेटून सही घेण्याच्या कार्यक्रमाची, सोडत. जितक्या प्रती घ्याल तितक्यांदा तुमचं नाव सोडतीत. एप्रिल २०२४ च्या अखेरीस यांचा 'सेव्हन्टीन इज राइट हिअर' आला, आणि टोकियोत शिबुयाच्या रस्त्यावर त्या अल्बमचे खोकेच्या खोके टाकून दिल्याचे फोटो जगभर फिरले. सोबत 'हवे ते घेऊन जा' अशी पाटी! याला लोकप्रियता म्हणायचं?

गवती चहा
नाहीच म्हणत मी. तो आकडा फुगवलेला होता, मग तो उतरला म्हणून रडायचं कशाला? २०२४ मध्ये के-पॉप अल्बमचा एकूण खपच घसरला. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मुख्य, पिरॅमिड स्टेजवर गाणारा पहिला के-पॉप ग्रुप कोणता होता, तेही सांगा की.

कोपऱ्यातला कंदील
ग्लास्टनबरीचं आमंत्रण आयोजक देतात, रस्त्यावरचा माणूस नाही. तो मेलॉन या कोरियन गाण्यांच्या ॲपच्या यादीत दिसतो. टिकणं काय असतं ते डे-सिक्स या कोरियन बँडकडे बघा. 'यू वर ब्युटिफुल' २०१७ चं, 'टाइम ऑफ अवर लाइफ' २०१९ चं. पोरं सक्तीच्या लष्करी सेवेतून परतली आणि २०२४ मध्ये ही जुनी गाणी नव्या गाण्यांच्या नाकावर टिच्चून यादीत वर चढली. फोटोकार्डासाठी कुणी ती ऐकत नव्हतं. सेव्हन्टीनचं असं एक गाणं सांगा.

गवती चहा
'व्हेरी नाइस', २०१६. कार्यक्रम संपला असं वाटतं आणि तेच पुन्हा सुरू होतं, पुन्हा, पुन्हा. लोक घसा बसेपर्यंत ओरडत असतात.

कोपऱ्यातला कंदील
तिकीट काढून आलेले लोक ओरडणारच हो. २०२३ चं बीएसएसचं, म्हणजे सेव्हन्टीनमधल्याच छोट्या गटाचं, 'फायटिंग' म्हणाला असतात तर मी गप्प बसलो असतो, ते कोरियात खरंच चाललं. पण ती तेरातल्या तिघांची करामत.

पावटा
मी पुण्यात ग्रुप ऑर्डर, म्हणजे सगळ्यांचे अल्बम एकत्र मागवायचं काम, चालवते म्हणून जरा बोलते. सगळ्यांचे पैसे गोळा करायचे, कस्टम ड्यूटी सगळ्यांत वाटायची, खोका आला की जमिनीवर बसून कुणी कुठलं कार्ड मागितलंय त्याची यादी जुळवायची. सीडीला कुणी हात लावत नाही, सीडी प्लेअर आहे कुणाकडे? पूर्वी एकेक मुलगी तीन-तीन प्रती घ्यायची, आता एक घेते. पण यादीतली नावं तीच आहेत. कुणी सोडून गेलेलं नाही.

चौथी सीट
'नावं तीच' हीच तर माझी तक्रार आहे, पावटाताई! नवं नाव कुठाय? जुने सोडत नाहीत ही निष्ठा झाली. लोकप्रियता वाढायला कालपर्यंत ज्याला काही पडलेलं नव्हतं असा माणूस यावा लागतो.

पावटा
दहाव्या वर्षी जुने टिकले हेही कमी नाही. पाच वर्षांपूर्वी याच खोक्यात दुसऱ्या चार ग्रुपचे अल्बम असायचे, त्यातल्या दोघांची आता ऑर्डरच निघत नाही.

कोपऱ्यातला कंदील
खरी कसोटी तर आत्ता सुरू झाली आहे. ग्रुपमधला जंगहान सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, वनवू एप्रिल २०२५ मध्ये, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वूजी आणि होशी एका दिवसाच्या अंतराने, सगळे त्याच सक्तीच्या सेवेत. म्हणजे चाली लावणारा आणि नाच बसवणारा दोघेही बाहेर. गवती चहा, तुमचा सगळा युक्तिवाद या दोघांवर उभा आहे.

गवती चहा
सगळा नाही. 'गोइंग सेव्हन्टीन' विसरलात. पण वूजीशिवाय पूर्ण अल्बम कसा होईल याची धास्ती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. २०२७ च्या आधी तेराही जण एकत्र दिसणं कठीणच.

चौथी सीट
मग तोवर खप मोजूच नका. या दोन वर्षांत किती क्यूबिकनी पदरचे पैसे घालून तिकीट काढलं तेवढं मोजा. माझी पैज आहे, फार नाही.

पावटा
माझ्या यादीत एक आहे. शो बघता बघता आली. अल्बम एकच घेतला, कार्डही मागितलं नाही.