लोकुप्लेस म्हणजे नुसता 'श्रीमंत'?

ढेकूळ: कालच्या पोस्टीत लिहिलंय, लॅटिन 'लोकुप्लेस' म्हणजे श्रीमंत, 'लोकुप्लेतारे' म्हणजे श्रीमंत करणं, विषय संपला. अहो संपला कसा? लोकुस म्हणजे जागा, पुढचा भाग 'भरलेला' या अर्थाचा, आणि रोमन लेखक प्लिनी सरळ सांगतो की जागा म्हणजे इथे शेतं. रोमन वक्ता सिसेरोही तेच म्हणतो, तेव्हा मालमत्ता म्हणजे गुरं नि जमीन, म्हणून श्रीमंतांना पेकुनिओसी (गुरंवाले) आणि लोकुप्लेतेस (जमीनवाले) म्हणायचे. तुम्ही शब्दातली मातीच झटकून टाकलीत, राग येतो.

जुनीवही: पोस्ट माझी. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. सिसेरोच ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसला 'तेस्तिस लोकुप्लेस' म्हणतो, म्हणजे भरवशाचा साक्षीदार. यात शेत दाखवा!

ढेकूळ: तिथेच तर आहे! जमीनवाला गाव सोडून पळत नाही म्हणून त्याच्या शब्दाला वजन. इ.स.पू. 450 च्या सुमाराचे रोमचे बारा पाट्यांचे कायदे बघा, सधन माणसाला जामीन सधनच लागायचा, गरिबाला कुणीही चालायचा.

भाडेकरू: जामीन म्हणालात म्हणून लिहितोय. अठरा वर्षं नोकरी, एक हप्ता चुकवला नाही, तरी बहिणीच्या शिक्षणाच्या कर्जाला बँकेतले साहेब म्हणाले सातबारावाला जामीनदार आणा. शेवटी मामांच्या पाया पडलो, ज्यांनी स्वतः सोसायटीचं कर्ज थकवलेलं. जमीन म्हणजे भरवसा हे मला शिकवू नका.

ढेकूळ: शिकवत नाहीये, रोमन काय समजायचे ते सांगतोय. आणि आमच्या चार एकरांवर वडील राबून गेले, त्यांना कुणी बिनतारण पाच हजार दिले नाहीत, तेव्हा जमीनवाल्यांना सगळं फुकट मिळतं असलं बोलू नका.

भाडेकरू: असं मी कुठे म्हणालो? नीट वाचा आधी.

गोठा: भांडा नंतर. पेकुनिया म्हणजे पैसा, तो आला पेकुस म्हणजे गुरांवरून, आणि पेकुस नि आपला संस्कृत 'पशु' एकाच मुळातले. गावाकडं अजून गोधन म्हणतात. जमिनीचं एवढं चाललंय, गुरांना कुणी विचारत नाही.

जुनीवही: ढेकूळ, पोस्टीत 'मुळात जमीनजुमलावाला' एवढं घालतो, तुमचं तेवढं बरोबर. 'फक्त जमीनदार' मात्र लिहिणार नाही. रोमन कायदेपंडित पाँपोनियसचं वचन डायजेस्ट या रोमन कायद्याच्या संग्रहात आहे, दुसऱ्याचं नुकसान नि अन्याय करून कुणी 'लोकुप्लेतिओर' (जास्त श्रीमंत) होऊ नये. म्हणजे त्याने फक्त शेत बळकावू नये, पैसे खाल्ले तर चालतील?

ढेकूळ: नाही चालणार. पण 'मुळात' हा शब्द पहिल्या ओळीत घाला, तळाशी नको.

भाडेकरू: पाँपोनियसचं हे आमच्या मामांना कुणीतरी वाचून दाखवा, सही करायचे पाच हजार घेतले होते.