नट निघाले, चाक निघेना: तुमचे अनुभव लिहा

गाडी जॅकवर आहे, चारही नट काढून झालेत आणि चाक मात्र जागचं हलत नाही. स्टेपनी बदलायची कशी हे सगळे सांगतात, गाडीच्या पुस्तिकेत चित्रंही असतात. पण नट काढल्यावर चाक हातात यायचं नाकारतं तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

कारण आधी लिहितो. रिमच्या मधलं मोठं गोल भोक हबच्या (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याच्या) उंचवट्यावर अगदी नेमकं बसतं, जेमतेम फट राहते. त्या फटीत पाणी शिरतं, हबचं लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. अलॉय व्हील असेल तर आणखी एक भानगड. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी फटीत गच्च बसते. स्टीलच्या रिमला हे होत नाही असं समजू नका; तिथे दोन्हीकडून गंज असतो.

नट न सुटणं हे वेगळं दुखणं, त्यासाठी वेगळा धागा काढू. महिनाभर हँडब्रेक ओढून ठेवल्यावर ब्रेकचे लायनर ड्रमला धरतात आणि चाक फिरत नाही, तेही इथे नको. नट निघालेत पण चाक बाहेर येत नाही, एवढंच बोलूया.

खारा वारा, मालवण

आमच्याकडे हा प्रश्न पावसाळ्याची वाट बघत नाही. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी उघड्यावर. मागची चाकं जास्त चिकटतात, कारण ती वर्षानुवर्षं कुणी काढतच नाही.

इथले मेस्त्री हातोडा हातात घेण्याआधी करतात तो उपाय असा. नट परत आट्यांवर चढवायचे, हाताने पूर्ण बसवायचे आणि मग एक फेरा ढिले करायचे. गाडी जॅकवरून खाली घ्यायची. पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढे, ब्रेक. रिव्हर्समध्ये हातभर मागे, ब्रेक. गाडीचं सगळं वजन त्या सांध्यावर येतं आणि ‘टण्’ असा आवाज होतो. तो आला की थांबायचं, पुन्हा जॅक लावायचा. चाक आपसूक हातात येतं. टायर पंक्चर असेल तर ही ये-जा हातभरच ठेवा, नाहीतर रिम टायर कापते.

शंकासुर

नट ढिले ठेवून गाडी हलवायची? ऐकूनच घाम फुटला.

धागाकर्ता

ढिले म्हणजे एकच फेरा, आणि माणसाच्या चालीपेक्षा हळू. नट जागेवर आहेत तोवर चाक निसटून कुठे जाणार नाही. मात्र असंच ‘गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणून रस्त्यावर जाऊ नका. स्टडचे (नट ज्यांवर चढतात त्या दांड्यांचे) आटे आणि रिमची भोकं दोन्ही खराब होतात.

घाटवाट, सावंतवाडी

आंबोली घाटात, पावसात, संध्याकाळ उलटल्यावर. मी आणि सासूबाई. चढावर गाडी, त्यामुळे वरची पुढे-मागे करण्याची युक्ती तिथे चाललीच नसती. मागून बेळगावकडे जाणारा ट्रक थांबला. ड्रायव्हरकाकांनी चाकाला हात लावायच्या आधी दोन कामं केली, ती मला उपायापेक्षा महत्त्वाची वाटतात. उताराच्या बाजूने चाकांमागे दगड लावले. आणि स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली, जॅकशेजारी सरकवली. “ताई, जॅक सटकला तर गाडी टायरवर बसेल, कुणाच्या पायावर नाही.”

मग एक-दोन नट आट्यांवर अर्धवट चढवून ठेवले, म्हणजे चाक सुटलं तरी अंगावर येणार नाही. गाडीकडे पाठ केली आणि टाचेने टायरच्या डाव्या कडेला लाथ. मग उजव्या कडेला. पुन्हा डावीकडे. समोरासमोर दोन्ही हातांनी ओढत बसलं की चाक सरळ रेषेत ताणलं जातं आणि काही होत नाही. तिरकं डोलवलं की गंजाची पकड एका बाजूने सुटते. लाथ टायरच्या रबरावर मारायची, रिमवर नाही. सासूबाई छत्री धरून उभ्या होत्या. त्यांनी “माझ्याकडूनही एक” असं म्हटलं, पण काकांनी दिली नाही.

जाताना ओरडा मात्र खाल्ला: नट रस्त्यावर का ठेवलेत म्हणून. डबीत ठेवायचे.

बर्फाळ, मॉन्ट्रियल

आमच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. म्हणजे वर्षातून दोनदा चाकं काढणं आलंच. त्यात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. मालवणचा खारा वारा इथे रस्त्यावरूनच उडतो म्हणा ना.

मी घरीच बदलतो, पण कात्रीच्या जॅकवर नाही. ट्रॉली जॅकने उचलून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवतो, तरच पुढचं करायचं. लाथेने नाही निघालं तर लांब लाकडी वासा गाडीखालून पलीकडच्या चाकाच्या आतल्या बाजूला टेकवतो आणि या टोकाला घणाने ठोकतो. मी बाहेरच असतो, गाडीखाली डोकं घालायचं नाही. वासा टायरच्या कडेवर टेकला पाहिजे. एकदा वरच्या बाजूला, मग चाक फिरवून पुन्हा.

खरं काम चाक निघाल्यानंतरचं आहे. हबचा उंचवटा, त्याभोवतीची सपाट जागा आणि रिमच्या भोकाची आतली कड तारेच्या ब्रशने लखलखीत घासायची. मग फक्त उंचवट्यावर अँटीसीझचा, म्हणजे धातू चिकटू न देणाऱ्या मलमाचा, पातळ हात. स्टडच्या आट्यांवर लावायचं नाही. नट आवळायचा जो आकडा कंपनी देते तो कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे बुळबुळीत झाले की त्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. हे लावायला लागल्यापासून लाथा मारायची वेळ आली नाही.

पाना नंबर 19, कोल्हापूर

भावांनो, आमचं गॅरेज आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

एक. अलॉयवर थेट हातोडा मारून गाडी आमच्याकडे आणू नका. स्टील वाकतं, अलॉय तडकतं. बारीक चीर दिसत नाही, नंतर हवा उतरत राहते आणि टायरवाल्याला शिव्या बसतात.

दोन. गॅसची टॉर्च. एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर बघून विचारलं होतं. टायर बसवलेल्या चाकाला आग लावायची नाही म्हणजे नाही. आतली हवा तापते, रबर आतून जळायला लागतं आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. माणसं दगावलीत यात. शिवाय बेअरिंगचं ग्रीस वितळतं ते वेगळंच.

तीन. गंजाचा स्प्रे चालतो, पण मधली टोपी काढून हब आणि रिम जिथे भिडतात त्या रेषेवर, थोडासा. मग चहा घेऊन या. फवारा डिस्कवर उडाला तर ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय गाडी हलवू नका. रॉकेल-डिझेलही लोक वापरतात, तेही ब्रेकवर गेलं की तितकंच वाईट.

चाक परत बसवताना नट समोरासमोर आवळायचे, एका ओळीने नाही. लहान गाड्यांना साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. पान्यावर उभं राहून नाचायची गरज नाही. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा, कारण मध्ये गंजाची खपली राहिली असेल तर ती चुरते आणि नट ढिला पडतो.

संत्रानगरी

मी तं म्हणतो, चाक काढूनच कायले राहिले? टायर ट्यूबलेस असन आन् खिळा तळाला दिसून राहिला असन, तं चाक गाडीवरच ठेवून पट्टी मारता येते. डिकीत पंक्चर किट आन् हवेचा छोटा पंप ठेवा. बाजूची भिंत फाटली असन तरच जॅक काढा.

पेठकर, पुणे

युरोपी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांना स्टड नसतात, बोल्ट असतात. बोल्ट काढले की चाकाला अडकायला काहीच उरत नाही. चिकटलेलं चाक अचानक सुटलं तर थेट पायावर. त्यामुळे वरचा एक बोल्ट अर्धवट ठेवूनच लाथ मारावी.

दुसरं, बऱ्याच गाड्यांना साधारण 10,000 किलोमीटरला व्हील रोटेशन सांगितलेलं असतं. ते खरंच केलं तर चाक चिकटायला वेळच मिळत नाही. माझ्या सर्व्हिसच्या बिलात रोटेशनचे पैसे नियमित लागत. एकदा चारही टायरवर आतल्या बाजूने खडूने खुणा करून गाडी दिली. पैसे लागले, खुणा होत्या तिथेच. बिलासकट फोटो दाखवले, पैसे परत घेतले. आता दर वेळी खुणा करतो.

पाना नंबर 19, कोल्हापूर

खडू वॉशिंगमध्ये निघून जातो. रिमच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटचे ठिपके द्या, पुढच्या डाव्याला एक, पुढच्या उजव्याला दोन, असे. आमच्याकडे गाडी आणलीत तरी द्या.