तातडीची मदत हवी आहे: वेल्समधल्या कॉटेजात शेगडी आणि ओव्हन दोन्ही बंद

कुर्डई (रविवार, सकाळी ९:४०)
लोकहो, घाईत लिहितेय, शुद्धलेखन माफ करा. वेल्समध्ये बाला गावाजवळ आठवड्याभरासाठी कॉटेज घेतलंय, काल संध्याकाळी पोचलो. सासूसासरे पुण्याहून आलेत. आईंना रोज बाहेरचं सोसत नाही, म्हणून मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं घेतलं. आणि आज सकाळपासून शेगडी चालत नाही, ओव्हनही नाही. काल रात्री त्याच ओव्हनमध्ये गार्लिक ब्रेड छान झाला होता. मालकीणबाई फोन उचलत नाहीत. मोबाइलला रेंज शून्य, वायफाय आहे तेवढाच आधार. सहा माणसं, त्यात दोन मुलं, कुकर भरून तयार आहे. काय करू? 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

काडेपेटी (९:४८)
गॅस संपला असणार. अशा खेड्यांत पाइपचा गॅस क्वचितच असतो. घरामागे उंच लाल सिलिंडर असतील, बहुतेक दोन. एक संपला की चावी दुसऱ्यावर फिरवायची. आमचं पेम्ब्रोकशरला अगदी हेच झालं होतं, तेही धो धो पावसात आणि बायकोची बोलणी खात.

मूळचा_सातारकर (९:५१)
घरातले दिवे चालू आहेत का? फ्रिज? शेगडी गॅसची की विजेची? 'चालत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हटल्यासारखं झालं हे.

टिकली (९:५५)
अशा घरांत सूचनांची एक फाइल ठेवलेली असते. ती बघितलीत का?

कुर्डई (१०:०२)
@काडेपेटी गॅस नाहीये. काळी, सपाट काचेची शेगडी आहे.
@सातारकर दिवे, फ्रिज, किटली सगळं चालू. शेगडीला हात लावला तरी काही होत नाही, ओव्हनचं घड्याळही काळंठिक्कर.
@टिकली फाइल आहे, पण अख्खी वेल्शमध्ये. एक अक्षर कळत नाही.

शेकोटीवाला (१०:०६)
एवढं कशाला डोकं खाताय? बैठकीच्या खोलीत लोखंडी वुडबर्नर (लाकडं जाळायची बंद शेगडी) असेलच. तो पेटवा, वर पातेलं ठेवा, खिचडी टाका. लाकडाच्या आचेची चव विजेला नाही. आम्ही दरवर्षी करतो.

दोडका (१०:११)
@शेकोटीवाला कृपया चुकीचे सल्ले देऊ नका. आम्ही हा प्रयोग केलाय. तीन तासांत तांदूळ फुगले, शिजले नाहीत. आणि खोली अशी तापली की सगळे पावसात अंगणात उभे. वुडबर्नर खोली गरम करायला असतो.

शेकोटीवाला (१०:१४)
ओली लाकडं घातली असतील तुम्ही. वुडबर्नरच्या दाराची काच काळी झाली होती का? झाली असेल तर ओलीच.

दोडका (१०:१५)
काच काळी झाली होती. मुद्दा तो नाही.

शेकोटीवाला (१०:१६)
मुद्दा तोच आहे.

भटकभवानी (१०:२०)
बालाला आहात! हेवा वाटला. लिन तेगिद बघितलं का? वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. काठाकाठाने छोटी आगगाडी जाते, मुलांना दाखवाच. तिथून थोडं पुढे लिन केलिन आहे, ते मात्र धरण. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९६५ मध्ये कापेल केलिन नावाचं अख्खं गाव पाण्याखाली घातलं. शाळा, पोस्ट, चॅपल (प्रार्थनाघर), डझनभर शेतघरं. संसदेत वेल्सच्या एकाही खासदाराने त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं नव्हतं, तरी ते मंजूर झालं. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती थेट २००५ मध्ये. काठावर उभी राहून मला मुळशी आठवली, सेनापती बापट आठवले. आपल्याकडे माफी कुणी मागितली?

मूळचा_सातारकर (१०:२४)
अवांतर: आमच्या आजोळची निम्मी माणसं कोयनेच्या पाण्याने उठवली. मुळशीची आठवण सगळ्यांना येते, आमची कुणाला येत नाही. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

कुर्डई (१०:२६)
तळं खिडकीतून दिसतंय. मुलं उपाशी आहेत. प्लीज.

वायरवाला (१०:३१)
ताई, शांतपणे एक बघा. शेगडीच्या आसपास, ओट्याच्या वरच्या भिंतीवर, एक मोठं लाल बटण असेल, नेहमीच्या बटणाच्या दुप्पट. कधी कधी ते कपाटाच्या आत लपवलेलं असतं. ते चालू आहे का? या देशात शेगडी-ओव्हनची लाइन वेगळी असते आणि तिला स्वतंत्र बटण असतं. दिवे चालू आहेत म्हणून ती चालू आहे असं नाही.

परखड (१०:३३)
मुळात हॉटेल सोडून असली घरं घ्यावीतच का? सुट्टीतही बाईनेच ओट्याशी उभं राहायचं, वर पैसे आपण द्यायचे. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

कुर्डई (१०:४०)
@वायरवाला बटण सापडलं!!! किटलीच्या मागे होतं आणि बंद होतं. आत्ता उलगडा झाला. बाबांना झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद करायची सवय आहे. पुण्यात गॅसचा कॉक, गीझर, टीव्ही, सगळं. रात्री इथेही फेरी मारली म्हणे. 'लाल दिवा जळत होता, वीज फुकट कशाला घालवायची' म्हणाले.
बटण दाबलं, दोन्ही जिवंत झाले. पण ओव्हनवर चार शून्यं लुकलुकताहेत आणि तो तापत नाहीये. शेगडीवर आकडे येतात, कुकर ठेवला की आकडा जाऊन घोड्याच्या नालेसारखं चिन्ह लुकलुकतं आणि मिनिटभरात बंद. म्हणजे बिघाड आहेच ना?

काडेपेटी (१०:४३)
म्हणूनच म्हणत होतो, गॅस बरा.

वायरवाला (१०:४७)
बिघाड नाही. दोन वेगळी दुखणी एकाच वेळी आली, म्हणून एकच वाटतंय.
ओव्हन: वीज गेली की त्याचं घड्याळ पुसलं जातं, आणि अशा बऱ्याच ओव्हनना वेळ लावल्याशिवाय तापता येत नाही. घड्याळाचं चित्र असलेलं बटण दाबून ठेवा, अधिक-उण्याने वेळ लावा, पुन्हा दाबा. हाताचं चित्र असेल तर तेही एकदा दाबा.
शेगडी: इंडक्शन आहे ती. तुमचा कुकर कशाचा आहे?

कुर्डई (१०:५२)
साधा आपला कुकर. पुण्याहून आणलेला, तीन लिटरचा. आईंना दुसरा चालत नाही.

वायरवाला (१०:५३)
साधा म्हणजे ॲल्युमिनियमचा. फ्रिजवर एखादं मॅग्नेट असेल ना? ते कुकरच्या बुडाला लावून बघा.

कुर्डई (१०:५८)
फ्रिजवर वेल्सचा लाल ड्रॅगन होता. कुकरला लावला, घसरून पडला. माझ्या हिंडालियमच्या कढईवरूनही पडला. मग कपाटातल्या भांड्यांना लावत सुटलो. झाकणवालं मोठं स्टीलचं पातेलं आहे, त्याला असा चिकटला की धाकट्याला ओढून काढावा लागला. बाबा म्हणतात, स्टीलला चुंबक चिकटतो म्हणजे स्टील हलकं.

वायरवाला (११:०१)
बाबांना सांगा, त्याच हलक्या स्टीलवर आज जेवण होणार आहे. ही शेगडी स्वतः तापत नाही. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून जे चुंबकीय क्षेत्र निघतं ते भांड्याच्या बुडात वीज फिरवतं, त्याने बूड तापतं. चुंबक न चिकटणारं भांडं तिला दिसतच नाही. नाल लुकलुकते म्हणजे ती विचारतेय, भांडं कुठंय?

सखूबत्ता (११:०४)
मध्ये ठेवायची लोखंडी चकती मिळते, तिच्यावर कुठलाही कुकर चालतो. मागवून टाका.

दोडका (११:०६)
चकती नको! ती खालून भयंकर तापते, काच परक्याच्या घराची आहे. शिवाय आज रविवार, मागवून येणार कधी? इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडायची परवानगी असते.

सखूबत्ता (११:०७)
मी चार वर्षं वापरतेय, काही झालेलं नाही.

दोडका (११:०८)
काच तडकेपर्यंत कुणालाच काही होत नाही.

भटकभवानी (११:१२)
रविवारवरून आठवलं. १८८१ च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी दारूची दुकानं बंद असायची. पुढे प्रत्येक जिल्ह्याने मतदान करून ठरवायचं असं झालं. ड्वायफोर जिल्हा सगळ्यात शेवटी, १९९६ मध्ये उघडला. आता पबमध्ये रविवारचं जेवण असतं, शाकाहारीही मिळतं. आज तिथेच जा की.

आजीचा_बटवा (११:१५)
अगं कुर्डई, कुकर बाजूला ठेव. त्यात काय भरलंयस? तूरडाळ असेल तर ती उघड्या पातेल्यात आज शिजायची नाही, तिला गरम पाण्यात भिजत घाल, उद्या वरणाला येईल. आता मूगडाळ आणि तांदूळ घे, धुऊन अर्धा तास भिजव. डाळतांदळाच्या चौपट पाणी किटलीत उकळून घे, झाकण जरा तिरपं ठेव, आच मध्यम. अर्ध्या तासात मऊ खिचडी. इंडक्शनवर फोडणी मात्र जपून, तेल झटकन तापतं. आधी खिडकी उघड आणि मग मोहरी टाक, नाहीतर धुराचा भोंगा वाजेल. आमच्या सुनेने त्या भोंग्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. तसलं काही करू नका.

टिकली (११:१८)
ती फाइल उलटी करून मागच्या बाजूने उघडून बघा बरं. वेल्समध्ये बऱ्याच पुस्तिका एका बाजूने वेल्श आणि उलट्या केल्या की इंग्रजी अशा बांधलेल्या असतात.

कुर्डई (दुपारी १२:५५)
जेवलो! मूगडाळीची खिचडी, वर तूप, मायक्रोवेव्हमध्ये भाजलेला पापड. आईंनी दोनदा घेतली आणि मग म्हणाल्या, कुकरची सर नाही. ओव्हनला वेळ लावली, तापला. भोंगा एकदाच वाजला, तोही हिंगाने.
@टिकली तुमच्या तोंडात साखर पडो. उलटीकडून सगळं इंग्रजीत होतं. पान ३: शेगडी इंडक्शनची आहे, कृपया आमचीच भांडी वापरा. पान ४: लाल बटण बंद करू नये. नवऱ्याने हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणतात, इतकं महत्त्वाचं होतं तर पान एकवर लिहायचं.
मालकीणबाईंचा आत्ता निरोप आला, चॅपलला गेल्या होत्या.
@वायरवाला, @आजीचा_बटवा मनापासून आभार.

परखड (१:०३)
खिचडी कुणी केली? तुम्हीच ना? तेच म्हणत होतो मी.

कुर्डई (१:१०)
नवऱ्याने. मी इथे तुम्हाला उत्तरं देत होते.

शेकोटीवाला (१:२२)
संध्याकाळी वुडबर्नर पेटवा. निदान कणसं तरी भाजा.

काडेपेटी (२:४०)
आत्ताच परत आलो. मग, सिलिंडर बदलला का?

कुर्डई (रात्री ९:१५)
धागा वर काढतेय, क्षमस्व. लाल बटणावर चिकटपट्टी लावली आहे, बाबांच्या परवानगीने. पण बाथरूमच्या छतातून एक दोरी लोंबतेय, टोकाला पांढरा गोंडा. झोपायच्या आधी बाबांनी ती ओढली, तेव्हापासून शॉवरला थेंब नाही. मोठी अंगाला साबण लावून उभी आहे.

वायरवाला (९:१७)
ते शॉवरच्या विजेचं बटण आहे. दोरी पुन्हा एकदा ओढा. आणि ताई, चिकटपट्टी उरली असेल तर गोंड्यालाही लावा.