मदत हवी आहे: दगड-मातीचं जुनं घर भूकंपासाठी मजबूत करता येतं का?

नमस्कार मंडळी,

पाटण तालुक्यात आमचं दगड-मातीच्या भिंतींचं वडिलोपार्जित घर आहे. पाडायचं की मजबूत करायचं, यावर घरात दोन तट पडलेत. काकांचं एकच पालुपद: "निसर्गापुढे तुमचं तंत्रज्ञान टिकत नाही!"

मला ते पूर्ण पटत नाही. कोयना धरणच बघा. त्याचं डिझाइन गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के आडवा जोर धरून केलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा धरणातल्या भूकंपमापक यंत्रावर जवळपास ४९ टक्के आडव्या जोराची नोंद झाली. १०३ मीटर उंच भिंतीला वरच्या भागात, उतार बदलतो तिथेच भेगा गेल्या, पण ती उभी राहिली. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ती बळकट केली. कोयनानगरातली घरं मात्र कोसळली, माणसं गेली. म्हणजे काकाही अगदीच चूक नाहीत.

आता मुद्द्याचं. जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांच्या वरची तुळई) आणि छताच्या पातळीवर सलग आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) पट्टे हवेत, हे वाचलंय. पण ते उभ्या घरात, भिंती न पाडता, कसे घालतात? दुपदरी दगडी भिंत मधून फुगते, तिला आरपार बांधून ठेवायला काय वापरतात? आमचे गवंडी म्हणतात, चार कोपऱ्यांत कॉलम टाकले की झालं. मला शंका आहे.

कोणी असं काम करून घेतलंय का? साधारण खर्च आणि तपासणी कोणत्या इंजिनिअरकडून करावी, तेही सांगा. पावसाळ्याआधी ठरवायचंय.