मदत हवी आहे: बाबांना पोर्टलँडच्या ब्रुअरीत न्यायचंय

मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरअखेर येतायत. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. ऑक्टोबरात एक दिवस मेन राज्यातल्या पोर्टलँडला जायचं घाटतंय. दीपगृह, समुद्र, रंगलेली झाडं हे सगळं आहेच, पण खरं कारण म्हणजे तिथली ॲलागॅश ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना. आणि हे खूळ माझं नाही, बाबांचं.

बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते, शेवटची बारा वर्षं डिस्टिलरीकडे. घरी यायचे ते मळीचा वास घेऊनच. पिणं म्हणाल तर कुणाच्या लग्नात आग्रह झाला तर एक ग्लास, तोही अर्धा टेबलावर राहतो. पण आंबवणाच्या टाकीपुढे हा माणूस तासभर उभा राहील.

मागच्या खेपेला फजिती झाली. इकडच्याच एका ब्रुअरीत (नाव नको) घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने आयडी मागितलं. बाबा ७१ वर्षांचे, डोक्यावर एक केस काळा नाही. त्यांनी ऐटीत आधार कार्ड काढून दिलं. पोराने ते उलटसुलट करून पाहिलं, बोटाने क्यूआर कोड खरवडून पाहिला आणि मान हलवली. पासपोर्ट घरी कपाटात. मग बाबा बाहेरच्या बाकावर बसून प्रेट्झेल खात काचेतून आत बघत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चौदा टाक्या आहेत." बास, एवढंच. मला फार लागलं ते.

तर या वेळी नीट न्यायचंय. टेस्टिंग रूममध्ये नक्की काय मागवायचं असतं? मी स्वतः बाटलीवरचं नाव बघून बिअर घेणारा माणूस आहे. टाक्या जवळून बघायला मिळतात का? बाबांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत. आई पीत नाही, मांस-मासे खात नाही, आणि तिचा एकच प्रश्न आहे: "तिथे बायका असतात का?"

प्रतिसाद १

पासपोर्ट, पासपोर्ट, पासपोर्ट! मूळ प्रत न्या, फोनमधला फोटो चालत नाही. वय २१ च्या वर आहे हे डोळ्यांना दिसत असलं तरी कागद लागतो, त्या पोराचीही नोकरी असते.

टाक्या टूरमध्येच दिसतात. त्यांच्या साइटवर आधी जागा धरा आणि शनिवार टाळा. पायात बंद बूट हवेत, चप्पल-सँडलवाल्यांना आत सोडत नाहीत. आमचे सासरे कोल्हापुरी घालून आले होते, त्यांनी जावयाचे बूट चढवून टूर केली. जावई म्हणजे मी, आणि मी बाहेर.

आईंना सांगा, बायका असतात, बाबागाड्याही असतात. कोण काय पितंय इकडे कुणाचं लक्ष नसतं. अंगणात खाण्याची गाडी उभी असते, पण तिची ख्याती लॉब्स्टर रोलची. आईंसाठी डबा न्याच.

प्रतिसाद २

'फ्लाइट' मागवा. म्हणजे चार छोटे ग्लास, चार वेगळ्या बिअर. हलक्या बिअरपासून जड बिअरकडे जायचं, उलट केलंत तर हलकी पाण्यासारखी लागते.

पहिली 'व्हाइट'. रॉब टॉडने १९९५ मध्ये याच बिअरपासून सुरुवात केली. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, ५.२ टक्के, दिसायला गढूळ. नासलीय असं समजून परत करू नका, गाळत नाहीत म्हणून तशी दिसते. आणि त्यात धणे आणि संत्र्याची साल असते! खरंच धणे. आईंनाही ग्लास नाकाशी धरायला द्या, पटकन ओळखतील.

'क्युरिओ' मात्र जपून. व्हिस्कीच्या ओक पिंपात मुरवलेली, दहा टक्क्यांच्या आसपास. चार औंसाचे चार ग्लास म्हणजे पावणेपाचशे मिली होतात. ग्लास लहान दिसतो म्हणून फसायला होतं. अर्धा ग्लास टाकून दिला तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. टिप वीस टक्के ठेवा.

प्रतिसाद ३

मी आंबवणाच्याच धंद्यात आहे (औषधांच्या), म्हणून राहवलं नाही. तुमच्या बाबांना खरी मजा 'कूलशिप' बघण्यात येईल, म्हणजे बिअरचा उकळता रस उघडा निववायचं भांडं.

उसाच्या रसात किंवा मळीत साखर आयती असते. जवात असतो स्टार्च. म्हणून जवाला मोड आणून वाळवतात, भरडतात आणि ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवतात. मोडातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. तो गोड रस म्हणजे वर्ट, पुढे तो हॉप्स (कडवट फुलं) घालून उकळतात. बाबा ब्रिक्स विचारतील, ब्रुअर डिग्री प्लेटो सांगेल. दोन्ही म्हणजे शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम विरघळलंय, त्यामुळे भांडण होणार नाही.

आता गंमत बघा. कारखान्यात रसाला जिवाणू लागले की केमिस्टची झोप उडते. ल्युकोनोस्टॉक वाढला की डेक्स्ट्रान होतं, रस चिकट होतो, साखर घटते. मिल वाफेने धुवा, औषध मारा. आणि ॲलागॅशवाल्यांनी २००७ मध्ये कूलशिपचं हे उथळ पसरट भांडंच बांधून घेतलं. रात्री थंड पडू लागल्या की उकळतं वर्ट त्यात रात्रभर उघडं निववत ठेवतात, म्हणजे हवेतले यीस्ट आणि जिवाणू आपणहून येऊन पडावेत. मग वर्ष-वर्ष, कधी तीन वर्षं, ओक पिंपात. बेल्जियमच्या लॅम्बिक बिअरची ही रीत. चव आंबट लागते. माडी प्यायलेल्या कोकणी माणसाला त्यात नवल वाटणार नाही, डिस्टिलरीवाल्याला वाटेल.

प्रतिसाद ४

साखरेच्या गोळ्या चालू आहेत तर आधी डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्यांवर दारू घेतली की साखर एकदम खाली येते. रिकाम्या पोटी तर नकोच.

गाडी कोण चालवणार? गाडी चालवताना रक्तातल्या दारूची इथली मर्यादा ०.०८ टक्के, आपल्याकडची ०.०३, म्हणून 'इथे चालतं' असं धरून बसू नका. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून डाउनईस्टर ट्रेन आहे, अडीच तासांत पोर्टलँड. स्टेशनवरून पुढे टॅक्सी. आईंनाही खिडकी मिळेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार! ट्रेनच नक्की केली. डॉक्टर म्हणाले, जेवणाबरोबर एक छोटा ग्लास, क्युरिओ नाही.

तिसरा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. डेक्स्ट्रानपाशी हसले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "उघडं ठेवतात? रात्रभर? आणि शिफ्टला कोण असतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा परत फोन, "भांड्याची खोली किती, ते विचार त्यांना." आता नवीन प्रश्न निघालाय: त्यांना कारखान्यातल्या दोन मित्रांसाठी ती धण्याची बिअर न्यायचीय. बॅगेतून चालेल?

प्रतिसाद २

चेक-इन बॅगेतून चालते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. सोळा औंसांच्या चार कॅनचा पॅक घ्या, १.९ लिटर भरतो. बाटल्यांचा सहाचा पॅक दोन लिटरच्या वर जातो. कॅन स्वेटरमध्ये गुंडाळा. आणि भांड्याची खोली टूरमध्ये बाबांनाच विचारू द्या.

धागाकर्ता

चार कॅन नक्की. बंद बूट आणायला सांगितले, तर आई म्हणाली, पासपोर्ट बुटातच ठेवते, म्हणजे विसरायला नको.