मदत हवी आहे: ९ आणि ५ वर्षांच्या मुलांना ध्यानाला एकत्र कसं बसवावं?

मुलीला शाळेत आनापान शिकवलं आहे. डोळे मिटून नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा पाहायचा. मोजायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. १० मिनिटं ती मनापासून बसते. तिचं बघून आम्ही सगळेच रोज बसायला लागलो आणि ही सवय टिकावी असं फार वाटतं.

अडचण ५ वर्षांच्या धाकट्याची. डोळे मिटून बसणं त्याला जमत नाही, मग तो ताईला ढोसतो. मुलांची आनापान शिबिरं ८ वर्षांपासून पुढे असतात, त्यामुळे तो पर्याय सध्या नाही. उताणं झोपवून पोटावर हलकं खेळणं ठेवलं आणि ते वर-खाली होताना बघायला सांगितलं, तर छान रमतो, पण दोन-तीन मिनिटंच. घंटेचा नाद विरेपर्यंत ऐकणं त्याला सगळ्यात आवडतं, पण त्याने ताईचं लक्ष मोडतं. भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायच्या भ्रामरीचंही तेच.

घर वन रूम किचन. शुभंकरोतीनंतरचीच वेळ सगळ्यांना जमते. आजी तेव्हा जप करतात, तो तसाच राहायला हवा. ॲप नको, दटावून बसवणंही नको. एरवी तो गोष्ट ऐकताना नीट बसतो, त्यामुळे वेगळी काही शंका नाही.

आधी त्याची तीन मिनिटं सगळ्यांनी मिळून करावीत आणि मग ताईने तिचं आनापान करावं, हे बरं का? तसं केलं तर तिच्या १० मिनिटांत त्याला आवाज न होणारं काय करायला द्यावं?